खतावणीच्या आधी कीर्द

कार्यशाळेतलं चहापान सुरू झालं की कुणीतरी कप हातात घेऊन जवळ येतो आणि विचारतो, “सर, मायएसक्यूएल टाकू की पोस्टग्रेस?” गेली वीस वर्षं हा प्रश्न मला जवळपास याच शब्दांत येतो आहे. अधूनमधून एखादं नवं नाव त्यात शिरतं आणि दोन-तीन वर्षांनी निघून जातं. मी उलट विचारतो, “आत्ता जे चालू आहे त्याचा बॅकअप शेवटचा कधी उतरवून पाहिलास?” उत्तर ठरलेलं असतं: “बॅकअप रोज होतो सर, क्रॉनला लावलाय.” होत असेल. उतरवून पाहिलास का, ते सांग.

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हातात नसेल तर पहिल्याला काहीही उत्तर दिलं तरी फरक पडत नाही, असं माझं मत होत गेलं. हे पुस्तक त्या मतातून आलं आहे. डेटाबेस निवडताना तो किती वेगाने धावतो हे सगळेच पाहतात. तो पडल्यावर कसा उठतो, उठवायला किती वेळ आणि किती डिस्क लागते, आणि रात्री तीन वाजता हजर असलेल्या माणसाला ते काम येतं का, या गोष्टी मी आधी पाहतो. हजर असलेला माणूस बहुधा मीच होतो, त्यामुळे या मतात स्वार्थ आहे हे कबूल.

डेटाबेसवरची बहुतेक पुस्तकं प्रोग्रॅमरसाठी लिहिलेली असतात. टेबलं कशी आखावीत, क्वेरी कशी लिहावी, इंडेक्स कुठे टाकावा. अ‍ॅडमिनच्या वाट्याला तयार निर्णय येतो आणि तो त्याने सांभाळायचा असतो. पण डेटाबेसांचा एक अख्खा मजला असा आहे, जो अ‍ॅडमिन स्वतः निवडतो, आणि बहुतेकदा आपण निवड करतो आहोत हे त्याच्या लक्षातही येत नाही. पोस्टफिक्स आपले पत्त्यांचे तक्ते कशात ठेवतो? पॉवरडीएनएसच्या नोंदी साध्या झोन फायलींत ठेवायच्या, एसक्यूलाइटमध्ये की पोस्टग्रेसमध्ये? झॅबिक्सचा इतिहास, बॅक्युलाची बॅकअपची यादी, ओपनएलडॅपमधली खाती, एवढंच कशाला, यंत्रावर कोणती पॅकेजं बसवली आहेत याची नोंद, या सगळ्यांच्या पाठीमागे कुठला तरी डेटाबेस असतो. इन्स्टॉलर विचारतो आणि आपण एंटर दाबून पुढे जातो. निवड तिथेच झालेली असते.

माझे आजोबा मार्केट यार्डात एका अडत्याकडे दिवाणजी होते. त्यांचा एक नियम घरात सगळ्यांना पाठ होता: कीर्दीत नोंद झाल्याशिवाय खतावणीला हात लावायचा नाही. शेतकऱ्याचा माल उतरला, हमाली दिली, उचल दिली, की जे जसं घडलं ते त्याच क्रमाने आधी रोजकीर्दीत. कुणाच्या खात्यावर किती जमा आणि किती नावे, हे खतावणीत मांडायचं काम सावकाश, संध्याकाळी. खतावणीच्या पानावर चहा सांडला, उंदराने कोपरा कुरतडला किंवा मांडता मांडता दिवाणजी तापाने आडवा झाला, तरी कीर्द शाबूत असली की खतावणी पुन्हा उभी करता येते. उलटं मात्र होत नाही.

पुढे अनेक वर्षांनी मी पोस्टग्रेसचा ‘राइट-अहेड लॉग’ वाचत होतो, तेव्हा मला ते पान ओळखीचं वाटलं. बदल आधी क्रमाने लॉगमध्ये लिहायचा, तो डिस्कवर पक्का झाला की ग्राहकाला ‘झालं’ म्हणायचं, आणि मूळ टेबलाच्या फायली मागाहून सवडीने दुरुस्त करायच्या. मध्येच वीज गेली तर उठल्यावर लॉग वाचायचा आणि राहिलेली मांडणी पुरी करायची. मायएसक्यूएलच्या इनोडीबीतला रीडू लॉग तेच करतो. एसक्यूलाइटमध्ये ही पद्धत २०१० साली आली; त्याआधी आणि आजही न सांगितल्यास तो जुन्या पानाची नक्कल बाजूला ठेवून काम करतो. तोही मार्ग भरवशाचा आहे, फक्त रीत उलटी. कुठलाही बॅकएंड समोर आला की मी पहिल्यांदा त्याची कीर्द शोधतो. ज्याला कीर्दच नाही, तो कितीही पळत असला तरी त्याच्यावर माणसांचे गुण, पगार किंवा पत्ते ठेवायचे नाहीत.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. भारनियमनाच्या दिवसांत मराठवाड्यातल्या एका शिक्षणसंस्थेचा निकालाचा सर्व्हर मी सांभाळत होतो. मायएसक्यूएल होतं आणि टेबलं मायआयसॅम प्रकारची. तेव्हा न सांगता तीच मिळत. इनोडीबी आपोआप मिळू लागलं ते ५.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१० च्या अखेरीस. मायआयसॅमला व्यवहार माहीत नाहीत आणि कीर्दही नाही. लिहीत असताना वीज गेली तर टेबल अर्धवट राहतं आणि पुढच्या वेळी ‘क्रॅश झालं आहे, दुरुस्त करा’ असा निरोप येतो. यूपीएसच्या बॅटऱ्या वीस मिनिटं टिकतील असं कागदावर होतं. त्या दुपारी त्या चार मिनिटं टिकल्या. दुरुस्तीचा आदेश दिला आणि मी जेवायला गेलो. परत आलो तेव्हा दुरुस्तीच थांबली होती, कारण दुरुस्ती करताना टेबलाची एक नवी प्रत तयार होते आणि तेवढी जागा डिस्कवर नव्हती. त्यानंतर आम्ही सहा जण दोन दिवस हजेरीपटासारख्या लांब रजिस्टरांतून गुण पुन्हा भरत बसलो होतो. दुरुस्तीला टेबलाएवढी मोकळी जागा लागते, ही ओळ मॅन्युअलमध्ये होती. मी ती वाचली नव्हती.

कीर्द आहे म्हणजे संपलं असंही नाही. शाई वाळली का हेही पाहावं लागतं. आपण फाइलमध्ये लिहिलं की ऑपरेटिंग सिस्टिम ते आधी मेमरीत ठेवते आणि ‘लिहिलं’ म्हणून सांगते. खरोखर डिस्कवर गेलं का हे विचारायला ‘एफसिंक’ नावाची विनंती असते. २०१८ साली पोस्टग्रेसच्या मंडळींना एक अस्वस्थ करणारी गोष्ट उमगली. लिनक्सवर ही विनंती एकदा अयशस्वी झाली आणि डेटाबेसने पुन्हा विचारलं, तर दुसऱ्या वेळी उत्तर ‘सगळं ठीक’ असं येऊ शकत होतं, आणि मधलं लिखाण मात्र हरवलेलं असे. पोस्टग्रेस वर्षानुवर्षं या दुसऱ्या उत्तरावर विश्वास ठेवत आला होता. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून त्याने धोरण बदललं: एफसिंक फसलं की पुन्हा विचारायचं नाही, सरळ कोसळायचं आणि उठताना लॉगवरून सगळं पुन्हा मांडायचं. भरवशासाठी मुद्दाम कोसळणारं सॉफ्टवेअर मला मनापासून आवडतं. साहेबांना ते समजावणं अवघड जातं, हा भाग वेगळा.

आता त्या न दिसणाऱ्या मजल्याकडे. तिथे अनेक वर्षं बर्कली डीबीचं राज्य होतं. हा वेगळा चालणारा सर्व्हर नाही. प्रोग्रॅमच्या पोटातच बसणारी लायब्ररी आहे. छोटी, वेगवान, आणि नीट वापरली तर पक्की. पण वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमांनी आपापसांत कुलपं सांभाळायची असतात, आणि एखादा प्रोग्रॅम कुलूप हातात धरून मेला की बाकीचे दाराशी ताटकळत उभे. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सबव्हर्जन २००४ च्या सुरुवातीला आलं तेव्हा त्याचं कोठार केवळ बर्कली डीबीत असायचं. एक जण वेब सर्व्हरमार्फत, दुसरा थेट यंत्रावरून, दोघांचे फायलींवरचे हक्क वेगळे, आणि आठवड्यातून एकदा तरी कोठार अडकायचं. सगळ्यांना बाहेर काढून रिकव्हरीचा आदेश द्यायचा, की पुन्हा चालू. त्याच वर्षी १.१ आवृत्तीत साध्या फायलींवर चालणारा एफएसएफएस हा दुसरा बॅकएंड आला, आणि २००५ मध्ये १.२ पासून तोच आपोआप मिळू लागला. बर्कली डीबीमागे संशोधन आणि प्रतिष्ठा कितीतरी जास्त होती. तरी अ‍ॅडमिन लोकांनी हातोहात एफएसएफएस उचललं, कारण त्याची नक्कल घेणं आणि हलवणं सोपं होतं, आणि तो रात्री कुणाला उठवत नव्हता.

आरपीएमवाल्यांना याचाच दुसरा अवतार ठाऊक असेल. पॅकेज बसवताना प्रक्रिया मध्येच मारली, आणि नंतर साधी पॅकेजांची यादी मागितली तरी टर्मिनल गप्प. मग आरपीएमच्या डेटाबेसच्या फोल्डरमधल्या कुलपांच्या फायली उडवायच्या आणि डेटाबेस नव्याने बांधायचा. हा उतारा इतक्या जणांना तोंडपाठ होता की तो दोष आहे हेच लोक विसरून गेले. २०२० च्या फेडोरा ३३ मध्ये आरपीएम एसक्यूलाइटवर गेलं. दरम्यान बर्कली डीबी सांभाळणारी कंपनी २००६ मध्ये ऑरेकलने घेतली होती, आणि २०१३ मध्ये नव्या आवृत्तीचा परवाना बदलला. लिनक्सची अनेक वितरणं त्यामुळे जुन्या आवृत्तीवरच थांबली. परवाना हा वकिलांचा विषय आहे असं मीही समजत होतो. ज्या लायब्ररीला नव्या दुरुस्त्या मिळायच्या बंद होतात ती माझ्या सर्व्हरवर असते, तेव्हा तो माझाही विषय होतो.

एसक्यूलाइटची जन्मकथा मी प्रत्येक वर्गात सांगतो, कारण ती थेट आपल्या दुखण्यातून निघाली आहे. डी. रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेसाठी चाललेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर होते. त्यामागे इन्फॉर्मिक्सचा डेटाबेस सर्व्हर होता. तो सर्व्हर बंद असला की हिप यांचा प्रोग्रॅम ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ एवढं सांगून थांबायचा, आणि चूक त्यांची नसली तरी लोक बोलायचे त्यांनाच. त्यांच्या मनात आलं, मध्ये सर्व्हर हवाच कशाला? ऑगस्ट २००० मध्ये पहिली आवृत्ती निघाली. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनात आणि आयफोनात तो आहे, आणि कुणाच्याही मालकीचा नाही. त्याच्या मर्यादाही स्वच्छ आहेत. एका वेळी एकच जण लिहू शकतो. आणि फाइल नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवायची नाही, कारण तिथली कुलपं खोटी निघू शकतात. या दोन अटी ज्या कामाला चालतात तिथे मी दुसरं काही बसवत नाही. एका यंत्रावरचा डीएनएस, छोटं मॉनिटरिंग, एखाद्या कार्यालयाची आवक-जावक, यांना वेगळा डेटाबेस सर्व्हर देणं म्हणजे पडू शकणारी आणखी एक गोष्ट हौसेने विकत घेणं.

त्यापलीकडे गेलं की मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस. या दोघांतला वाद मी या पुस्तकात फार ताणलेला नाही. मायएसक्यूएल १९९५ चं, मायकल विडेनियस यांच्या ‘माय’ या मुलीच्या नावाचं. २००८ मध्ये सनकडे आणि २०१० मध्ये सनसकट ऑरेकलकडे गेलं. त्यातून फुटलेलं मारियाडीबी विडेनियस यांच्या धाकट्या मुलीच्या नावाचं. डेबियनवर २०१७ पासून मायएसक्यूएल मागितलं तरी मारियाडीबी मिळतं, हे अनेकांना बसवल्यानंतर कळतं, आणि मायएसक्यूएल ८ ची डेटाची फोल्डर तशीच उचलून मारियाडीबीखाली चालत नाही, हे त्याहून उशिरा, बहुधा वाईट दिवशी. पोस्टग्रेस बर्कलीच्या विद्यापीठातून १९८६ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाचं अपत्य. आज त्याच्या विकासात पुण्यात बसून काम करणाऱ्यांचाही हात आहे. त्याची कुरकुर वेगळी. व्यवहारांचे आकडे ३२ बिटांचे असल्यामुळे जुन्या ओळी वेळेवर ‘गोठवाव्या’ लागतात. हे काम ऑटोव्हॅक्यूम आपण होऊन करतं, पण ते मागे पडलं आणि कुणी लक्ष दिलं नाही, तर कित्येक महिन्यांनी पोस्टग्रेस नवं लिखाण नाकारून उभा राहतो. माझा कौल विचाराल तर नव्या कामाला पोस्टग्रेस. पण कार्यालयातल्या तिघांना मायएसक्यूएल येतं आणि पोस्टग्रेस कुणालाच येत नाही, अशी स्थिती असेल तर मायएसक्यूएल, आणि वाद नको.

एक गोष्ट इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही म्हणून इथे जरा थांबतो. मायएसक्यूएलची मूळ अक्षरपद्धत ५.७ पर्यंत लॅटिन होती. तिच्यात मराठी नावं गेली की प्रश्नचिन्हांची माळ उरायची, आणि ती प्रश्नचिन्हं परत फिरवून अक्षरं मिळत नाहीत. मग लोक ‘यूटीएफ८’ निवडत, पण मायएसक्यूएलच्या त्या नावाच्या पद्धतीत एका अक्षराला तीनच बाइट. देवनागरी तीन बाइटांत बसते, म्हणून आपलं निभावून गेलं. इमोजीला चार लागतात. जुन्या सैल व्यवस्थेत वाक्यात इमोजी आली की तिथपासून पुढचं वाक्यच गळून पडायचं, चूक न दाखवता. आणि मोडी लिपी! २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेल्या मोडीचं प्रत्येक अक्षर चार बाइटांचं आहे. जुन्या दफ्तरांची सूची मोडीत ठेवायची तर ‘यूटीएफ८एमबी४’ हीच पद्धत लागते. आवृत्ती ८ पासून ती आपोआप मिळते.

पोस्टग्रेसची अडचण अनुक्रमाची. तो शब्दांचा क्रम बहुधा ऑपरेटिंग सिस्टिमच्या जीलिबसी या लायब्ररीला विचारतो. २०१८ मध्ये जीलिबसी २.२८ ने क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. डेबियन ९ वरून १० वर गेलेल्या यंत्रांवर डेटाबेसला कुणी हातही लावला नव्हता, तरी मजकुरावरचे जुने इंडेक्स नव्या नियमांना चुकीचे ठरले. असलेली नोंद शोधून सापडत नाही, आणि एकाच नावाच्या दोन नोंदी होऊ शकतात. उपाय एकच, सगळे इंडेक्स पुन्हा बांधायचे. आपल्या मुळाक्षरांत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या अंकांत तो ‘ल’ला चिकटून आहे, म्हणजे मराठी याद्या योग्य क्रमाने हव्या असतील तर हा प्रश्न कायम सोबत राहणार.

क्लस्टरबद्दल मी थोडं कडवट लिहिलं आहे, ते तसंच ठेवतो. कुबरनेटिसच्या पाठीमागे एटसीडी हा डेटाबेस असतो. तीन यंत्रांत एक मेलेलं चालतं, पाचांत दोन. दोनच यंत्रं असतील तर एकही मेलेलं चालत नाही, म्हणजे एकापेक्षा वाईट. तरी दोन यंत्रांचा ‘क्लस्टर’ मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. कुबरनेटिसच्या हलक्या अवतारात, के३एसमध्ये, एसक्यूलाइट आपोआप मिळतं, आणि छोट्या कामाला ते पुरतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये रोब्लॉक्स हा खेळांचा मंच ७३ तास बंद होता. त्यांच्या यंत्रणांना एकमेकांचा पत्ता सांगणारी कन्सल ही व्यवस्था गुदमरली होती. एक कारण कन्सलमधल्या नव्या सोयीचं होतं. दुसरं तिच्या पोटातल्या बोल्टडीबीचं. जुने लॉग खोडले तरी त्याची फाइल आकसत नाही. मोकळ्या पानांची यादी ठेवली जाते, आणि प्रत्येक छोट्या लिखाणासोबत ती फुगलेली यादीही पुन्हा लिहिली जात होती. पण मला त्यांच्या अहवालात लागलं ते निराळंच: काय बिघडलं हे दाखवणारं मॉनिटरिंगही कन्सलवरच विसंबून होतं. चोर शोधायला निघालेल्याची बॅटरी चोराच्याच खिशात. झॅबिक्सचा डेटाबेस ज्या सर्व्हरवर नजर ठेवायची त्याच सर्व्हरवर ठेवणारे आपण काही वेगळं करत नाही.

आणि कोड सांभाळणारी गिटलॅब कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या एका अभियंत्याने मागे पडलेल्या दुय्यम सर्व्हरची डेटाची फोल्डर रिकामी करायला घेतली, आणि आदेश मुख्य सर्व्हरवर गेला. सेकंदभरात लक्षात आलं, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार उरले होते. डेटाबेस पोस्टग्रेसच होता, निवड उत्तम होती. बॅकअप घेणारा प्रोग्रॅम मात्र ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६, म्हणून तो रोज अपयशी ठरत होता. अपयशाची मेल निघत होती, पण मेल सर्व्हर ती नाकारत होता. बॅकअपचं कोठार उघडलं तर रिकामं. सुटका झाली ती एकाने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेल्या प्रतीमुळे. त्या कंपनीने हे सगळं लोकांसमोर मांडलं, दुरुस्तीचं काम थेट प्रक्षेपित केलं. आपल्याकडे अशा चुका फाइलबंद होतात आणि पुढच्या कार्यालयात नव्याने घडतात.

टँडम कंपनीत असताना जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये, संगणक का थांबतात, यावर एक अहवाल लिहिला होता. त्यांच्या हिशेबात सर्वांत मोठा वाटा प्रशासनाचा, म्हणजे चालवणाऱ्या माणसांच्या हातून होणाऱ्या गोष्टींचा होता: ४२ टक्के. यंत्रांचा १८. व्यवहारांचा सिद्धांत घडवणाऱ्यांपैकी एकाने हे लिहावं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. या पुस्तकात वेगाचे तक्ते नाहीत, ते याचमुळे.

प्रकरणांचा क्रमही त्यामुळे उलटा लागला आहे. पहिलं प्रकरण रिस्टोअरचं, इन्स्टॉल करायचं पाचवं. पहिल्या प्रकरणासाठी एक जुना लॅपटॉप, तुमच्या डेटाबेसच्या दुप्पट जागा, घड्याळ आणि वही लागेल. वहीत तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजता सुरू केलं, कुठे अडलं, कुणाला फोन करावा लागला. इंटरनेटची केबल मात्र काढून ठेवा, कारण खऱ्या रात्री ती लागलेली असेलच असं नाही.